जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी काय तपासायचं? नागपूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकातल्या उघड्या टपाच्या इंग्लिश टू-सीटर: एमजीबी, एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर. जोडीला मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड धरली आहे, कारण तिचं पुढचं सस्पेन्शन आणि स्पिटफायरचं सस्पेन्शन एकाच घरातलं आहे.

आधी इंजिन बघायचं की बॉडी?

बॉडी, आणि तीही खालून. बहुतेक जण बॉनेट उघडतात, इंजिनाचा आवाज ऐकून खूश होतात आणि इसार देऊन मोकळे होतात. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजमधलं आहे. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिनही त्याच खानदानातलं. अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेला कुठलाही जुना मिस्त्री ते खोलून पुन्हा जोडू शकतो. बोअर करणं, क्रँक घासणं, हेड फेस करणं ही सगळी लेथवरची कामं नागपुरात होतात. खालून सडून मधोमध वाकलेली बॉडी सरळ करून देणारा माणूस मात्र शोधत फिरावं लागतं, आणि सापडला तरी गाडी महिनोन्महिने त्याच्या शेडमध्ये पडून राहते. म्हणून पत्रा पहिला, कागद दुसरे, इंजिन तिसरं. क्रोम आणि सीट कव्हर बघितले नाहीत तरी चालेल.

बघायला कधी जावं, सोबत काय न्यावं?

सकाळी, कोरड्या दिवशी, आणि ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असं आदल्या दिवशी फोनवर सांगून. पोचल्यावर आधी रेडिएटरला हात लावा. कोमट लागला तर गाडी सुरू करून ठेवली होती, म्हणजे थंड इंजिनाचा धूर आणि आवाज तुम्हाला दाखवायचा नव्हता. नुकती धुतलेली गाडीही नको. पाण्याच्या थराखाली रंगाचे सगळे दोष झाकले जातात.

पिशवीत एवढं असू द्या: टॉर्च, दाढीचा छोटा आरसा, फ्रीजवर लावायचं चपटं चुंबक, टोचा, हातभर लांब बारीक तार, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि जुनी चादर. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर नेता आली तर उत्तमच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, स्टँड लागतातच.

एमजीबीमध्ये गंज नेमका कुठे शोधायचा?

दारांच्या खालच्या लांब पेटीत, म्हणजे सिलमध्ये. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. वर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं जवळपास सगळं काम सिल करतात. सिल एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा असे थर असतात, आणि तळाशी त्यांना जोडणारी पट्टी. गंज आतून सुरू होतो, त्यामुळे बाहेर फुगवटा दिसेस्तोवर मधला पडदा गेलेला असतो.

हमखास आढळणारा जुगाड असा: सडलेल्या सिलवरच नवा पत्रा टोपीसारखा चढवायचा आणि रंग मारायचा. पकडायला खाली झोपा आणि सिलच्या तळाची शिवण बघा. कंपनीच्या कामात पत्र्यांच्या कडा एकावर एक दिसतात आणि ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डचे गोल ठसे असतात. शिवणच गायब असेल, किंवा जागोजागी गॅस वेल्डचे गोळे आणि वर डांबराचा जाड थर असेल, तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मग दाराची फट बघा. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपत जा. वर चिमटलेली आणि खाली रुंद अशी व्ही आकाराची फट म्हणजे गाडी मधोमध खचली आहे. बऱ्याचदा याला गंजापेक्षा दुरुस्ती जबाबदार असते. दाराच्या चौकटीत आधार न देता सिल कापला की बॉडी स्वतःच्या वजनाने बसते, आणि नवा सिल त्याच वाकड्या अवस्थेत वेल्ड होतो. खात्रीसाठी एका बाजूचं पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. अडकलं किंवा फट डोळ्यांदेखत बदलली, तर किंमत विचारायचीही गरज नाही.

याशिवाय सीटमागचा कार्पेट उचलून बॅटरीच्या पेट्या बघा. १९७४ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असत आणि ॲसिड सांडून पेट्यांचा तळ जायचा. मागच्या चाकासमोरचा दारालगतचा कोपरा, पुढच्या मडगार्डचा दाराकडचा खालचा भाग आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, पुढचे हँगर टोच्याने दाबून बघा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. सडलेल्यात टोचा कुरकुरत आत जातो.

मिजेटमध्येही हेच?

साधारण हेच. तिथे मागच्या पाट्या अडकवलेल्या जागा आणि पुढच्या दार-खांबाचा तळ जास्त बारकाईने बघा.

स्पिटफायर आणि हेरल्डला तर वेगळी चेसिस असते. मग बॉडीचं टेन्शन नको ना?

हेरल्डपुरतं बरंचसं खरं आहे. तिथे मुख्य चेसिसमधून बाहेर आलेले हात, म्हणजे आउटरिगर, तपासायचे. बॉडी त्यांच्यावर बोल्टने बसते आणि चिखल तिथेच साचतो. स्पिटफायरमध्ये चेसिस मधल्या कण्यासारखी अरुंद आहे, त्यामुळे सिलवर पुन्हा भार येतो. वर सांगितलेली दाराची फट तिथेही मोजा.

दोन्हींचं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं. ते बंद केल्यावर दारांपाशी दोन्ही बाजूंची फट सारखी नसेल तर आधी बिजागऱ्यांची सेटिंग बघा. सेटिंग करूनही जुळत नसेल तर पुढून ठोकर बसली आहे असं समजा आणि चेसिसची पुढची टोकं दोरी लावून तिरकी मोजा.

पुट्टी भरलेली कशी ओळखायची?

चुंबकाला पातळ कापड गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही. आधी गाडीच्या शाबूत भागावर, उदाहरणार्थ बॉनेटच्या मधोमध, पकड किती आहे ते बघा. मग मडगार्डच्या कडा, दारांचा तळ, हेडलाइटभोवतीचा भाग असं फिरा. पकड सैल झाली तिथे खडूने खूण करा. एमजीबीचं बॉनेट सुरुवातीच्या वर्षांत ॲल्युमिनियमचं होतं, तिथे चुंबक चिकटणारच नाही, घाबरू नका.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर शे-दीडशे मायक्रॉन म्हणजे मूळच्यासारखा थर, तीनशे-चारशे म्हणजे वरून पुन्हा रंग, आणि हजाराच्या वर म्हणजे खाली पुट्टी. थोडी पुट्टी पन्नास वर्षांच्या गाडीत असणारच, त्यावरून नाक मुरडू नये. सिलवर, दारांच्या खांबांवर आणि जिथे पत्रा भार पेलतो तिथे मात्र ती एक मिलिमीटरही नको.

नागपूरची हवा कोरडी, म्हणजे इथल्या गाड्यांना गंज नसतो, हे खरं का?

अर्धं खरं. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा विदर्भात आयुष्य गेलेल्या गाडीचा पत्रा सहसा बरा निघतो. पण आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात मडगार्डच्या आत उडालेला तिचा थर वाळला तरी तळाशी ओल राहते, आणि पत्रा तिथूनच खाल्ला जातो. मडगार्डच्या आत हात घालून वरच्या कडेवरची माती खरवडून काढा आणि मगच मत बनवा.

उन्हाचा हिशेब वेगळा. ४५ अंशांत वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी पत्र्याने शाबूत पण रबराने संपलेली असते. दारांची बीडिंग, काचेचं रबर, रेडिएटरचे होज, ब्रेकचे होज, डॅशबोर्डचं आवरण, कापडी हूड, सगळं. विकणारा ‘किरकोळ’ म्हणेल. पूर्ण रबर सेट बाहेरून मागवून बसवायचा खर्च किरकोळ नसतो.

पुरात सापडलेली गाडी ओळखता येते का?

येते. नागपुरात हा प्रश्न २३ सप्टेंबर २०२३ नंतर जास्त येऊ लागला. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटसारख्या वस्त्यांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. जुन्या गाडीचे कार्पेट बदलून, सीट शिवून ती वर्षभरात नवी कोरी दाखवता येते. पण सिलच्या तळाला निचऱ्याची छोटी भोकं असतात. त्यांत तार घालून फिरवा. लाल गंजाची भुकटी आली तर नेहमीचा गंज. राखाडी, पिठासारखी बारीक गाळमाती आली तर पाणी आत शिरून बसलं होतं. दारांचे आतले पॅनेल काढायला सांगा आणि आतल्या पत्र्यावर आडवी गाळाची रेघ आहे का बघा. हेडलाइटची वाटी, फ्यूज बॉक्सच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डमागचे स्क्रूही याच नजरेने बघा.

थंड इंजिन सुरू करताना काय बघायचं?

सुरू करण्याआधी तेलाची काडी आणि रेडिएटरचं झाकण. तेलात दुधाळ फेस किंवा पाण्यावर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. मग एकाला सेल्फ मारायला सांगून तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. पहिल्या मिनिटात निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून रात्रभर तेल झिरपलं आहे. तसंच चालवताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा फवारा आला तर तेही गाइडच. जोर लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. काळा धूर हा कार्बोरेटरचा विषय, त्यावरून गाडी नाकारू नका.

स्पिटफायर आणि हेरल्डसाठी एक खास तपासणी आहे आणि ती कधीही वगळू नका. इंजिन बंद ठेवून एकाला क्लच पूर्ण दाबायला-सोडायला सांगा आणि तुम्ही पुढच्या क्रँक पुलीकडे बघत राहा. पुली पुढे-मागे हलताना डोळ्यांना दिसली, तर मागच्या मेन बेअरिंगजवळचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजले आहेत. तिथे मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा एवढीच मोकळीक अपेक्षित असते. वॉशर झिजून खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडला की क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि मग ब्लॉकच निकामी होतो.

कॉम्प्रेशन किती हवं?

कॉम्प्रेशन म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो तो आकडा. मोजायचं असं: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग कमी येतं, अनेक गॅरेजांत हीच चूक होते. चांगल्या एमजीबीत १५० ते १७० पीएसआय मिळतं, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत हवा.

एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर मधलं गॅस्केट उडालं आहे.

व्हॉल्व्हबद्दल अजून एक. या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा, शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. त्यानंतर बऱ्यापैकी चाललेल्या गाडीच्या हेडला कडक सीट बसवल्या आहेत का ते विचारा, बिल असेल तर बघा. नसतील तर टॅपेटची गॅप पुन्हा पुन्हा कमी होत जाते, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो.

ऑईल प्रेशरचा काटा किती दाखवायला हवा?

एमजीबीत इंजिन पूर्ण तापल्यावर, चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५. थंड इंजिनावर सगळेच काटे छान दिसतात. आयडलिंगला काटा शून्याजवळ लोळत असेल आणि खालून ठक-ठक येत असेल तर बेअरिंग गेली. काटा शंका वाटावी इतका एकाच जागी स्थिर असेल तर तो काटाच खोटा आहे, मेकॅनिकल गेज जोडून बघा.

मे महिन्यात ही गाडी नागपुरात चालेल का? गरम होऊन बसणार नाही ना?

कूलिंग धड असेल तर चालते. मूळ व्यवस्था तितकी कच्ची नाही, तिची वाट आपणच लावतो. थर्मोस्टॅट काढून फेकणं हा आपल्याकडचा जुना आजार. त्याने गरम होणं थांबत नाही, उलट हिवाळ्यात इंजिन तापतच नाही आणि तेलात ओल साचते. थर्मोस्टॅट आहे का ते विचारा. उन्हाळ्यासाठी ७४ अंशांना उघडणारा चालतो. दुसरा आजार बोअरचं खारं पाणी. वर्षानुवर्षं तेच भरलं की ब्लॉकच्या मागच्या भागात क्षारांचा थर बसतो आणि चौथ्या सिलिंडरकडे पाणी नीट फिरत नाही.

तपासणी अशी: गाडी फिरवून आणल्यावर उभी करून वीस मिनिटं आयडलिंगवर ठेवा. काटा चढून एका जागी थांबायला हवा. मग थर्मामीटर रेडिएटरवर वरून खाली फिरवा. तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. कोअर बदलून मिळतो, त्यामुळे हा दोष किंमत पाडायला वापरावा, गाडी सोडायला नव्हे. ब्लॉकमधला थर मात्र इंजिन खोलल्याशिवाय पूर्ण निघत नाही.

ट्रॅफिकमध्ये बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. हे काय?

बहुधा व्हेपर लॉक. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डजवळून जात असेल तर उन्हाळ्यात आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला काही पोचत नाही. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का बघा, तो बऱ्याचदा खोलताना काढून टाकलेला असतो.

आता यात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, आतून सुटतात आणि तेच कण कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, शक्यतो ‘एसएई जे३०आर९’ असं छापलेल्या हव्यात. मिश्रणही पातळ पडतं, त्यामुळे एसयू कार्बोरेटरच्या नीडलची सेटिंग करून घ्यावी लागते.

एमजीबीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक असतो आणि तो टिकटिकतो. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा. काही टिकटिक होऊन तो गप्प बसला पाहिजे. थांबतच नसेल तर कुठेतरी गळती आहे, पंप हवा ओढतो आहे किंवा टाकी रिकामी आहे.

गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह कसा तपासायचा?

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न कचकचता पडावा म्हणून असलेली व्यवस्था) नाही, तेव्हा चालत्या गाडीत पहिला टाकताना कचकचणं हा दोष नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्यात कचकच किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडून न्यूट्रल होणं हा दोष. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, असेल तर टॉप गिअरमध्ये साठच्या वेगाला स्विच दाबा. आरपीएम साधारण पाचव्या हिश्शाने खाली यायला हवेत. आले नाहीत तर आधी वायर आणि स्विच बघा, बहुतेकदा तिथेच घोळ असतो.

गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल आहे तेही विचारा. एमजीबीत इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० लागतं. आपल्याकडे सवयीने ९० नंबरचं गिअर ऑईल भरतात आणि मग गिअर जड पडतात.

पुढच्या चाकांमध्ये खेळ आहे. गंभीर आहे का?

कुठला खेळ त्यावर. चाक उचला, एक हात वर, एक खाली ठेवून हलवा. मग दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, किरकोळ काम. तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो उभा दांडा. एमजीबीत प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निपल असतात. त्यांवर वाळलेली माती आणि रंग असेल तर कित्येक वर्षं ग्रीस गेलेलं नाही.

स्पिटफायर-हेरल्डमध्ये खाली ट्रुनियन, म्हणजे चाकाच्या उभ्या दांड्याला सस्पेन्शनच्या खालच्या हाताशी जोडणारा आट्यांचा सांधा, असतो आणि ही जागा धोक्याची आहे. त्यात ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑईल भरायचं असतं. मिस्त्री निपल दिसला की ग्रीस मारतात. ते घट्ट होऊन आटे कोरडे पडतात, पाणी अडकतं, लोखंडी उभा दांडा आट्यांपाशी गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटतो. चाक आडवं होऊन गाडी जागेवर बसते. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे फिरवताना जड किंवा झटके देत फिरत असेल, तर ती गाडी लांबवर चालवून घरी आणू नका. टो करा.

तारांची चाकं, म्हणजे वायर व्हील, असतील तर?

दिसायला देखणी, निगा राखायला वैतागवाणी. स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक तार हलकेच वाजवत जा. सैल तार बद्द वाजते. चाक काढून हबवरचे दाते बघा. त्यांचे शेंडे सपाट हवेत. करवतीसारखे टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे. चालवताना पुढे ब्रेक, मग रिव्हर्समध्ये ब्रेक, आणि दोन्ही वेळी ‘टक्’ ऐकू आलं तर हेच दाते झिजलेत.

मधला नट बघा: डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. हब कधीतरी उलटसुलट बसवले असतील तर चालता चालता नट स्वतःहून सुटतो.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचा टायर, नक्षी पूर्ण असली तरी, आपल्या उन्हात भरवशाचा नाही.

वायरिंगचं काय?

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. कुणी नंतर बदलून निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलं असेल तर हरकत नाही, पण अर्धवट केलेलं नको. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते स्वतः बघा, कारण उलट्या गाडीला आजचा स्टिरिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं की क्षणात जळतं. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास हवेत. डॅशबोर्डखाली इन्सुलेशन टेपचे गुच्छ दिसले तर नवी हार्नेस, म्हणजे वायरिंगचा पूर्ण संच, गृहीत धरूनच भाव करा.

इंजिन मूळचंच आहे हे कसं कळेल?

एमजीबीच्या मूळ इंजिनाचा क्रमांक ‘१८जी’ किंवा ‘१८व्ही’ अशा अक्षरांनी सुरू होतो. गाडीच्या क्रमांकात ‘जीएचएन’ म्हणजे उघडी टू-सीटर, ‘जीएचडी’ म्हणजे छपराची जीटी. भारतात अनेक गाड्यांत अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बसलेलं असतं. दोन्हींचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, बाहेरून ठेवणही तीच, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. गाडी चालते छान, पण तिची किंमत आणि कागद दोन्ही बदलतात.

इंग्लंडमध्ये गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम एमजी आणि ट्रायम्फच्या मूळ नोंदींवरून प्रमाणपत्र देतं. कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन क्रमांक कोणता, कोणत्या देशात पाठवली हे त्यातून कळतं. महाग गाडी असेल तर हे आधी मागवा. आजच्या एमजीच्या शोरूममध्ये चौकशी करून उपयोग नाही, नाव तेच असलं तरी तिथे या गाडीचा एक वॉशरही मिळत नाही.

कागदपत्रांत काय बघायचं?

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर-न्-अक्षर जुळवा. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा किंवा नव्या रिबेटने बसवलेली पट्टी दिसली तर तिथेच थांबा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर झाल्याशिवाय पैसे देऊ नका. छिंदवाडा, जबलपूर, रायपूरकडच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. गाडी परदेशातून आलेली असेल तर कस्टमचे मूळ कागद हवेतच, त्यांची झेरॉक्स पुरत नाही.

‘व्हीए’, म्हणजे विंटेज गाड्यांसाठीचा, नंबर घ्यावा का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, बिगर-व्यावसायिक आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेली गाडी जुना क्रमांक कायम ठेवू शकते. अट अशी की ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर रविवारी रामटेकला जायचा बेत असेल तर साधी नोंदणी ठेवून फॉर्म २५ वर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करणं सोयीचं. इंजिन बदललेल्या गाडीची विंटेज नोंदणी अडू शकते, हे भाव करताना लक्षात असू द्या.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घ्यावी?

आधी सेमिनरी हिल्सचा चढ, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतात, गाडी नाही. मग सिमेंटचा रस्ता धरा. त्याचे जोड ठरावीक अंतराने येतात, त्यामुळे सस्पेन्शनचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. रिकाम्या पट्ट्यावर ४० च्या वेगाला हात सैल ठेवून ब्रेक दाबा. एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर अडकलेला. ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर रबरी होज आतून फुगला आहे. शेवटी संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा तास. गरम होणं, व्हेपर लॉक, क्लचची थरथर सगळं तिथे बाहेर पडतं. समृद्धीवर मात्र नेऊ नका. अनोळखी ट्रुनियन आणि जुने टायर यांच्यासाठी तो रस्ता नाही.

विकणारा लिफ्टवर चढवू देत नाही. काय करायचं?

खर्च तुमचा, मिस्त्री त्याच्या पसंतीचा, असा प्रस्ताव द्या. तरी नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय बदलायचं?

सगळे पातळ पदार्थ आणि सगळी रबरं. इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल ऑईल, फिल्टरसकट साडेचार लिटरच्या आसपास, आणि जस्ताचं प्रमाण बरं असलेलं, कारण या इंजिनांत कॅमवर टॅपेट घासत चालतो. एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्याच्या वरच्या नळकांड्यात, २० नंबरचं तेल. मागच्या डिफरेन्शियलला ९० नंबरचं. ब्रेक फ्लुइड पूर्ण काढून डॉट ४, जुनं ओल शोषून बसलेलं असतं आणि उन्हाळ्यात उकळतं. पेट्रोलच्या नळ्या, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट आणि ब्रेकचे रबरी होज एकदमच बदला. काढलेले होज लगेच फेकू नका, लांबी आणि वळण जुळवायला दुकानात सोबत न्यावे लागतात.